दोन दिवस आणखी राहू द्या ना, मॅडम

व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास देणारी मशीन, कधी काढायची हे तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. अतिदक्षता विभागाच्या दाराशी, संध्याकाळच्या भेटीत, कधी लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हे विचारलं जातं: "पेशंट सुधारून राहिला म्हणता, मग मशीन काढायची घाई कशाला मॅडम? दोन दिवस आणखी राहू द्या ना." विचारणारे कधी भंडाऱ्याचे, कधी गडचिरोलीचे, कधी बालाघाट-छिंदवाड्याहून रातोरात गाडी करून नागपूर गाठलेले. त्यामागची भीती मला समजते. श्वासनलिकेत उतरवलेली मशीनची नळी तोंडात आहे, छाती वरखाली होतेय, मॉनिटरवरचे आकडे ठीक आहेत. चाललंय ते कशाला मोडायचं?

कारण ते 'चाललंय' तेवढ्या काळात रुग्ण आतून काही ना काही गमावत असतो. श्वासाचा मुख्य स्नायू म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, श्वासपटल. मशीन सगळं काम करायला लागली की हा स्नायू प्लास्टरमधल्या पायासारखा झडतो, आणि पायापेक्षा कितीतरी लवकर. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे नमुने तपासले होते. ते दाते १८ ते ६९ तासच व्हेंटिलेटरवर होते, तरी स्नायूच्या तंतूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ निम्म्याहून जास्त घटलं होतं. त्यात न्यूमोनियाची भर. नळी असेपर्यंत घशातले जंतू फुप्फुसात उतरायला वाट मोकळी असते, आणि पहिल्या पाच दिवसांत हा धोका दर दिवशी सुमारे ३ टक्क्यांनी साचत जातो. घरच्यांच्या खिशाचं तर मी बोलतच नाही. शेत गहाण पडलेलं मी पाहिलेलं आहे.

म्हणून रोज सकाळी प्रत्येक पेशंटपाशी आम्ही एकच विचारतो: आज जमेल का? आधी गुंगीचं औषध थांबवायचं किंवा कमी करायचं आणि माणूस जागा होतो का ते पाहायचं. मग बघायचं की ज्या आजारासाठी मशीन लावली तो ओसरतोय का, मशीनच्या हवेत ऑक्सिजन ४०-५० टक्क्यांच्या आत ठेवून भागतंय का, फुप्फुसं उघडी ठेवायला लागणारा दाब ५ ते ८ सेंटीमीटर पाण्याइतका खाली आला का, रक्तदाब टिकवायची औषधं बंद किंवा अगदी थोडी आहेत का. एवढं जुळलं की त्याच दिवशी परीक्षा. मशीनचा आधार नावापुरता ठेवायचा, किंवा नळीला टी-पीस (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) जोडून नुसता ऑक्सिजन द्यायचा, आणि अर्धा ते दोन तास माणसाला स्वतःच्या बळावर श्वास घेऊ द्यायचा.

ही परीक्षा बाहेरून फार साधी दिसते. मी तेव्हा मॉनिटरपेक्षा माणसाकडे जास्त बघते. मानेचे स्नायू ताणले जातायत का, नाकपुड्या फुलतायत का, श्वास घेताना पोट बाहेर येण्याऐवजी आत खेचलं जातंय का, कपाळावर घाम आलाय का. श्वासाची गती मिनिटाला ३५ च्या वर गेली, रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली घसरला, नाडी १४० च्या पुढे पळाली किंवा माणूस घाबराघुबरा झाला की परीक्षा तिथेच थांबवायची आणि आधार परत द्यायचा. आकड्यांत एक जुना, अजून उपयोगी पडणारा हिशेब आहे, १९९१ साली यांग आणि टोबिन या डॉक्टरांनी मांडलेला: मिनिटाला किती श्वास, भागिले एका श्वासात किती लिटर हवा. २२ श्वास आणि प्रत्येकी ४०० मिलिलिटर, तर उत्तर ५५. छान. ३० श्वास आणि २५० मिलिलिटरच, तर १२०. १०५ च्या वर गेलं की माणूस धापा टाकतोय, त्याला बहुधा झेपणार नाही.

नापास झालेल्याचं फुप्फुसच खराब असतं असं मात्र नाही. मशीनच्या दाबाने कमकुवत हृदयाचा भार हलका होत असतो. तो दाब काढला की हृदयाकडे एकदम जास्त रक्त येतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. अशा पेशंटला लघवीचं औषध देऊन अंगातलं पाणी कमी केलं की दोन दिवसांपूर्वी नापास झालेला माणूस पास होतो. का नापास झाला हे शोधलं नाही, तर रोज परीक्षा घेऊन काय उपयोग?

आता खरी मेख. मशीन लागत नाही म्हणजे नळीही लागत नाही असं नसतं. स्वतः श्वास घेता येणं वेगळं आणि स्वतःचा घसा सांभाळता येणं वेगळं. खोकून कफ वर आणता आला पाहिजे. नळीच्या तोंडासमोर एक-दोन सेंटीमीटरवर पांढरा कागद धरायचा आणि पेशंटला तीन-चारदा खोकायला सांगायचं. कागद ओला झाला तर बळ आहे. दर तासाला कफ ओढावा लागत असेल तर मी थांबते. बरेच दिवस नळी असली की घशात सूज असू शकते. मग नळीभोवतीचा, हवा अडवणारा फुगा सैल करून बाजूने हवा सुटते का ते बघायचं, आणि सुटत नसेल तर स्टेरॉइड देऊन काही तास वाट बघायची.

विदर्भात हे सगळं आणखी एका ठिकाणी कसाला लागतं. कपाशीच्या फवारणीच्या हंगामात विषबाधेचे पेशंट येतात. २०१७ साली यवतमाळात फवारणीने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते इथे कुणी विसरलेलं नाही. ऑर्गेनोफॉस्फेट या प्रकारच्या कीटकनाशकाची बाधा झालेला पेशंट दुसऱ्या दिवशी टक्क जागा असतो, खुणा करतो. बाप विचारतो, "पोरगं तर सारं समजून राहिलं, मग नळी काऊन नाही काढत?" इथे घाईचा आग्रह धरणारी मीच थांबायला सांगते. या विषात साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान मानेचे आणि श्वासाचे स्नायू नव्याने लुळे पडू शकतात. म्हणून मी त्याला म्हणते, "उशीवरून डोकं उचल आणि पाच मोजेपर्यंत धर." मान टिकत नसेल तर पुढचं काही मी बघतच नाही.

मण्यार चावलेल्यांचंही तसंच. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, सकाळपर्यंत पापण्या उघडत नाहीत, हातपाय हलत नाहीत, घरचे समजतात गेला. आत तो पूर्ण शुद्धीवर असू शकतो, सगळं ऐकत असतो. लुळेपण एकदा बसलं की प्रतिविषाने ते झटकन उतरत नाही, मज्जातंतूंची टोकं सावरायला काही दिवस जातात. तेवढे दिवस मशीन त्याचा श्वास चालवते आणि बहुतेक जण स्वतःच्या पायांनी घरी जातात. त्याच्या खाटेशी उभं राहून खर्चाचं, जगण्या-मरण्याचं बोलू नका, एवढं मी प्रत्येक घराला हात जोडून सांगते.

आम्ही डॉक्टर स्वभावतः उशीर करणारेच. स्पेनमधल्या १९९५ च्या एका मोठ्या अभ्यासात, डॉक्टरांना 'आता हळूहळू काढायला घेऊ' असं वाटलेल्या ५४६ जणांपैकी ४१६ पहिल्याच परीक्षेत पास झाले. हळूहळूची त्यांना गरजच नव्हती. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या अभ्यासात रोजची तपासणी आणि परीक्षा ठरवून केली, तेव्हा मशीनचे दिवस ६ वरून साडेचारवर आले. गुंगीत हात मारून स्वतःच नळी उपसणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना ती परत लावावी लागत नाही, ही आम्हाला विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

आणि हो, परत लागूही शकते. सगळ्या कसोट्या पार केलेल्यांतही १० ते २० टक्के जणांना दोन-तीन दिवसांत पुन्हा नळी घालावी लागते, आणि त्यांचा धोका वाढलेला असतो. हे मी आधीच सांगते, लपवत नाही. पण एखाद्या विभागात कुणालाच कधी परत नळी लागत नसेल, तर तिथे बाकीचे सगळे गरजेपेक्षा जास्त दिवस मशीनवर राहिले असणार असं मी समजते. वय जास्त, हृदय कमजोर, जुना दमा किंवा सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा आजार) असेल तर नळी काढल्या काढल्या मास्कचं मशीन किंवा नाकावाटे जोराचा गरम-दमट ऑक्सिजन लावतो, त्रास सुरू व्हायची वाट बघत नाही.

नळी निघाल्यावर आवाज बसलेला असतो, घसा दुखतो आणि तहान प्रचंड लागते. नागपूरच्या मे महिन्यात तर नातेवाईक हमखास पाण्याची बाटली घेऊन आत येतात. गिळणं तपासल्याशिवाय घोटभरही देऊ नका, ते पाणी फुप्फुसात जाऊ शकतं.

तेव्हा तुमचा माणूस आत असेल तर भेटीच्या वेळी 'मशीन राहू द्या' किंवा 'काढून टाका' यापेक्षा हे विचारा: आज गुंगी कमी केली का? आज परीक्षा घेतली का? नापास झाला तर कशामुळे? 'उद्या बघू' असं उत्तर आलं, तर उद्यापर्यंत नेमकं काय सुधारायची वाट बघतोय तेही विचारा. अंगातलं पाणी, ताप, कफ, मानेची ताकद, यांपैकी काहीतरी नाव घेऊन आम्हाला सांगता आलंच पाहिजे.