पंचवीस तासांचा रविवार

मीटरचं रजिस्टर म्हणत होतं २५०० युनिट, मीटरच्या नोंदी जोडणाऱ्या आमच्या पायथॉन लायब्ररीची बेरीज २४००. तारीख २९ ऑक्टोबर २०२३, टाइमझोन युरोप/बर्लिन, शीतगृहाचा स्थिर १०० किलोवॉटचा लोड.

त्या पहाटे उन्हाळी वेळ संपते, तीन वाजता घड्याळ पुन्हा दोनवर येतं. म्हणजे पंधरा मिनिटांच्या नोंदी ९६ नाही, १०० हव्यात. आमच्याकडे ९६च. आधी मीटरला दोष देऊन झाला. आमच्याकडे पहिला संशय कायम हार्डवेअरवर. कच्च्या फाइलीत मात्र शंभरच्या शंभर ओळी होत्या.

चार नोंदी डिक्शनरीनं, म्हणजे प्रत्येक वेळेच्या कीखाली एकच नोंद ठेवणाऱ्या साठ्यानं, गिळल्या होत्या. दोनदा येणारी वेळ पहिली की दुसरी हे सांगणारी खूण म्हणजे फोल्ड. पहिल्या ०२:१५ ला फोल्ड शून्य, दुसऱ्याला एक, सगळं रीतसर लावलेलं. पण एकाच टाइमझोनच्या दोन वेळा ताडताना पायथॉन फोल्डकडे बघतच नाही. डिक्शनरी ज्यावरून जागा शोधते तो हॅशही तोच. मग नंतरची नोंद आधीच्या नोंदीवर जाऊन बसणारच.

डिक्शनरीच्या की यूटीसीत, म्हणजे घड्याळबदल नसलेल्या जागतिक प्रमाणवेळेत केल्या, बेरीज २५०० आली. आणि सरासरी मागणीचा अलार्म वाजला: १०४.१७ किलोवॉट!

सरासरीसाठी दिवसाचे तास काढताना दोन मध्यरात्रींची वजाबाकी २४ तास येत होती. दोन्ही वेळांना झोनइन्फो या पायथॉनच्या टाइमझोन मॉड्यूलचा तोच ऑब्जेक्ट, त्यामुळे वजाबाकी भिंतीवरच्या घड्याळाची. मधला वाढीव तास हिशेबातच नाही. आधी २४०० भागिले २४, बरोब्बर शंभर. एका चुकीनं दुसरीवर पांघरूण घातलं होतं.

पायटीझेड ही आधीची टाइमझोन लायब्ररी काढून झोनइन्फो मीच आणलं होतं, मोठ्या हौसेनं. पायटीझेडचा झोन थेट रिप्लेसनं चिकटवला की बर्लिन यूटीसीच्या एक-दोन तासांऐवजी ५३ मिनिटं पुढे जातं, त्यामुळे त्याला मी भरपूर शिव्या घातल्या होत्या. पण झोन त्याच्याच लोकलाइझ या फंक्शननं लावला की उन्हाळी आणि हिवाळी वेळेला ते वेगळे ऑब्जेक्ट देतं. म्हणून तर तेव्हा वजाबाकी बरोबर यायची आणि नोंदीही एकमेकींवर बसत नव्हत्या. माझ्या बदलाला रिव्ह्यूत 'छान सफाई' असा शेरा मिळाला होता, दोन मिनिटांत. टेस्ट सगळ्या जूनच्या तारखांवर, जेव्हा घड्याळ बदलतच नाही. त्याही मीच लिहिलेल्या.

मग २६ मार्च उघडून पाहिला. उन्हाळी वेळ सुरू होते म्हणून २३ तासांचा दिवस, २३०० भागिले २४, सरासरी ९५.८. अहवालात चार टक्के बचत! ग्राहकानं कधी विचारलं नाही. कमी दिसणाऱ्या आकड्याबद्दल कोण विचारतो? उलट तो अहवाल त्यांनी वरिष्ठांना दाखवलाय.

दुरुस्त अहवाल तयार आहे. सोबतच्या ईमेलचा मसुदा मी तीनदा खोडलाय.