तुम्ही विचारलंत म्हणून: यूट्यूबवर सगळं असताना या डिस्क कशाला?

घरी कुणी पहिल्यांदा आलं की चहाचा कप खाली ठेवायच्या आत प्रश्न येतोच. आमच्या पुस्तकांच्या कपाटातले खालचे दोन कप्पे डीव्हीडी आणि व्हीसीडींनी (म्हणजे चित्र भरलेल्या जुन्या सीडींनी) भरलेत. बहुतेक सगळ्या जुन्या मालिका. त्या बघून पाहुणा म्हणतो, "काकू, हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे की!" वयानं लहान असेल तर "प्लेअर अजून चालतो?" हेही विचारतो. भाचा तर दर दिवाळीला विचारतो. आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच सविस्तर सांगून टाकते, म्हणजे पुढच्या दिवाळीत फक्त फराळ.

आधी तुमच्या बाजूचं. 'भारत एक खोज' आहे यूट्यूबवर, 'ब्योमकेश बक्षी' आहे, 'मालगुडी डेज' आहे. २०२४च्या नोव्हेंबरात गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीनं 'वेव्हज' हे ॲपही सुरू केलं. बरं, चित्र म्हणाल तर माझ्या व्हीसीडीपेक्षा तिथलं पुष्कळदा उजवं असतं. व्हीसीडीत चित्राचे ठिपके ३५२ बाय २८८, डीव्हीडीत ७२० बाय ५७६. म्हणजे व्हीसीडी डीव्हीडीच्या पाव. पडद्यावर पाऊस पडायला लागला की माझ्या व्हीसीडीत पाऊस कमी आणि चौकोनच जास्त नाचतात. तासाभरानं उठून दुसरी डिस्क घालायची ते वेगळंच. तेव्हा चांगल्या चित्रासाठी मी हे जमवलंय असा कुणाचा समज असेल तर तो इथेच सोडा.

माझं म्हणणं एवढंच आहे की डिस्कमध्ये जे दोष असतात ते आहेत तसेच राहतात. कुठल्या भागात आवाज बसका आहे, कुठे चित्र थरथरतं, हे मला पाठ आहे. ऑनलाइन मालिकेचं तसं नाही. ती आज एक असते, उद्या दुसरी, आणि बदल झाला हे आपल्याला कुणी कळवत नाही.

सगळ्यात मोठा घोळ चौकटीचा. जुन्या मालिका चारास तीन या आकाराच्या टीव्हीसाठी चित्रित केलेल्या. आताचा टीव्ही सोळास नऊ. जुनं चित्र या नव्या पडद्यावर काठोकाठ बसवायचं तर दोनच वाटा: आडवं ताणा, म्हणजे सगळी माणसं बुटकी आणि गलेलठ्ठ, नाहीतर वरून-खालून कापा, म्हणजे उंचीचा चौथा हिस्सा गेला. दोन्ही प्रकार सर्रास चालतात. तिसरी वाट म्हणजे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडणं, पण पट्ट्या दिसल्या की लोकांना पैसे बुडाल्यासारखं वाटतं.

कापाकापीनं काय होतं याचा प्रसिद्ध नमुना म्हणजे 'द सिम्पसन्स'. ही अमेरिकन कार्टून मालिका २०१९ साली डिस्ने प्लसवर आली तेव्हा जुने भाग रुंद पडद्यासाठी कापलेले होते. एका भागात बिअरच्या कारखान्यात वेगवेगळ्या नावांच्या तीन टाक्या उभ्या आहेत आणि वरून एकच नळी तिघींना बिअर पुरवते आहे, असा विनोद आहे. नळी चित्राच्या वरच्या भागात होती. ती कापली गेली. मग नुसत्या तीन टाक्या, आणि हसायचं कशाला ते प्रेक्षकानं शोधायचं. लोकांनी बोंबाबोंब केली तेव्हा २०२०च्या मे महिन्यात मूळ चौकट परत आली. ज्यांच्या घरी डिस्क होत्या त्यांना काय हरवलंय ते ताडून पाहता येत होतं, हे विसरू नका.

आपल्याकडे अशी बोंब मारायला कोण बसलंय? 'मालगुडी डेज'च्या सुरुवातीला आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं येतात. शंकर नाग यांनी कर्नाटकातल्या आगुंबे गावात उभं केलेलं मालगुडी आपल्याला आधी त्या रेषांतून भेटतं, वर एल. वैद्यनाथन यांची ती धून. मी एकदा एका ठिकाणी हे बघायला गेले तर शीर्षकच गायब, थेट स्वामी शाळेत निघालेला. 'हम लोग'चंही तेच. १९८४च्या जुलैत सुरू झालेली ही मालिका, प्रत्येक भागाच्या शेवटी सगळ्यांचे दादामुनी, म्हणजे अशोककुमार यायचे, घडल्या प्रकारावर दोन शब्द बोलायचे आणि मगच आपल्याला सोडायचे. आमच्या चाळीत त्यांचं बोलणं संपेपर्यंत कुणी उठत नसे. आज कुणी अपलोड करताना कात्री लावली की पहिला बळी दादामुनींचाच जातो, कारण 'गोष्ट तर संपली ना'.

आणि आहे ते राहील याची तरी खात्री कुठे? ३१ मार्च २०२३ला हॉटस्टारवरून एचबीओ या अमेरिकन वाहिनीच्या सगळ्या मालिका गेल्या. मग त्या जिओसिनेमावर उगवल्या. मग हे दोघेच एक होऊन जिओहॉटस्टार झाले. यात कुणाची फसवणूक नाही, करार संपतात आणि नवे होतात. पण आपण तिथे भाडेकरू आहोत, आणि घरमालक घरं बदलतोय, हे लक्षात ठेवून राहावं.

आता 'तमस'. माझ्या कपाटातला जिवाभावाचा संच कुठला, असं कुणी विचारलं नाही तरी सांगते. फाळणीच्या दंगलींवरची भीष्म साहनींची कादंबरी, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, १९८८च्या जानेवारीत दूरदर्शनवर सुरू झाली आणि लगेच थांबवा म्हणून लोक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी संपूर्ण मालिका स्वतः बसून पाहिली आणि मगच ती चालू राहू दिली. सर्वोच्च न्यायालयानंही तोच कौल दिला. संपूर्ण पाहिली, हे महत्त्वाचं. सुरुवातीला ओम पुरींचा नत्थू मारायला सांगितलेल्या डुकराशी रात्रभर झटतो, तो प्रसंग संपता संपत नाही. सलग बघताना आपल्यालाही घाम फुटतो. त्याचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून मध्ये डिटर्जंटची जाहिरात घातली की उरतं काय?

"पण डिस्क खराब होतात ना?" होतात. ठाण्याच्या पावसाळ्यात तर प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या डिस्कना चक्क बुरशी धरते. पण लोक काळजी घेतात ती नेमकी उलट्या बाजूची. चमकणारी बाजू जपतात आणि छापील बाजू टेबलावर घासतात. सीडी-व्हीसीडीत माहितीचा थर छापील बाजूलाच, लॅकरच्या एका पातळ लेपाखाली असतो. खालून निदान मिलिमीटरभर प्लॅस्टिक आहे, वरून जवळपास काहीच नाही. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती जास्त सोसते. गल्लोगल्लीच्या सीडी लायब्रऱ्या बंद पडल्या तेव्हा मी त्यांचा माल किलोच्या भावानं घेतला होता. त्यात छापील बाजूवर बॉलपेननं दाबून नंबर घातलेल्या व्हीसीडी निघाल्या. दिव्यासमोर धरल्या की आकड्याच्या वळणावळणानं उजेडाची बारीक छिद्रं दिसतात. जिथे छिद्र तिथे चित्र अडकतं. पुसायचीही रीत आहे: मऊ सुती फडकं, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ. गोल गोल पुसलं आणि ओरखडा पडला तर तो माहितीच्या वाटेला समांतर पडतो, मग प्लेअरला चूक सावरता येत नाही. आडवा ओरखडा तो बिचारा सावरून घेतो.

प्लेअर मिळतो का, तर मिळतो. लॅमिंग्टन रोडवरचा नाव नसलेला स्वस्त प्लेअर कुठल्याही देशाची डिस्क गिळतो. मोठ्या नावाचे प्लेअर रीजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी आहे तो आकडा, तपासतात. आपला रीजन पाच, युरोपचा दोन. भाच्यानं इंग्लंडहून 'येस मिनिस्टर' आणलं तेव्हा या स्वस्त प्लेअरनंच अब्रू राखली. खरेदीची मजा मात्र गेली. २००७मध्ये मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, तेव्हा मी भाजीच्या पिशवीतून सिनेमे घरी आणत होते. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे कॅसेट-डिस्कचं दुकान २०१६मध्ये बंद झालं. आता जे मिळतं ते रद्दीवाल्याकडे, नाहीतर घर बदलणाऱ्या लोकांकडे.

खरी हळहळ मराठीची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. त्यावरचे 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. यांचा अथपासून इतिपर्यंतचा संच मला कुठल्याच दुकानात दिसला नाही, पैसे खिशात घेऊन फिरत असूनसुद्धा. त्या काळी टेप महाग, त्यामुळे जुना कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवा घ्यायचा ही रीत जगभर होती. बीबीसीनंही तेच केलं. त्यांच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचे ९०हून जास्त भाग असेच गेले. पण त्या सगळ्या भागांचा आवाज शिल्लक आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी बसून तो रेकॉर्ड केला होता. त्या आवाजावर नवी चित्रं काढून बीबीसीनं त्यातल्या कित्येक भागांच्या डिस्क विकल्या. २०१३ साली नऊ हरवलेले भाग नायजेरियात सापडल्याचं जाहीर झालं, तेही तिथल्या एका टीव्ही केंद्राच्या अडगळीत पडून होते.

म्हणून मीच तुम्हाला विचारते. तुमच्या आईबाबांकडे व्हीसीआर होता? मग माळ्यावर व्हीएचएसच्या टेप असतील. वर 'मंजूचं लग्न' लिहिलंय म्हणून फेकू नका. लग्नाच्या टेपच्या शेवटी जागा उरली की लोक टीव्हीवरचं काहीबाही रेकॉर्ड करून ठेवत. आधी शेवटपर्यंत बघा. बुरशी असेल तर मात्र मशीनमध्ये घालू नका, टेपही जाईल आणि मशीनही. जाणत्याकडून साफ करून घ्या.

आणि हो, डिस्क मी देते. पानाच्या डब्याशेजारी वही आहे, तीत नाव आणि तारीख लिहायची, एका वेळी एकच संच. 'नुक्कड' सध्या तिसऱ्या मजल्यावरच्या जोशींकडे गेलीय, ती आल्यावर पुढचा नंबर भाच्याचा. 'तमस' घराबाहेर जात नाही. ती बघायची असेल तर रविवारी सकाळी लवकर या, साधारण पाच तास लागतात. दुपारचं जेवण आमच्याकडे.