साखर फुटते कुठे?

आमच्या वाळवा तालुक्यात उसावर बोलायला सगळ्यांना येतं, पण मळीच्या टाकीत यीस्ट काय करतं यावर फारसं कुणी बोलत नाही. डिस्टिलरीच्या लॅबमध्ये नवीन पोरगं आलं की मी त्याला हमखास विचारतो, "सुक्रोज, म्हणजे उसाची साखर, यीस्टच्या आत फुटतं की बाहेर?" उत्तर येतं, "आत, सर."

फुटतं ते बाहेर. यीस्ट इन्व्हर्टेज हे एन्झाइम पेशीच्या पातळ आवरणाच्या, म्हणजे पटलाच्या, बाहेर, पेशीभित्तिकेलगत सोडतं. तिथं सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात आणि ते पटलातल्या एचएक्सटी नावाच्या, साखर आत नेणाऱ्या प्रथिनांमधून आत शिरतात. याला ऊर्जा लागत नाही. बाहेर साखर दाट, आत विरळ, म्हणून ती आपसूक सरकते. आत गेलेल्या साखरेला लगेच फॉस्फेट जोडला जातो, त्यामुळे ती तिथं साठत नाही आणि बाहेरची साखर येतच राहते.

ही प्रथिनंही एकसारखी नाहीत. एचएक्सटी१ ची पकड ढिली, ते भरपूर साखरेत कामाचं. एचएक्सटी७ ची पकड घट्ट. साखर उतरणीला लागली की त्याची पाळी. पुन्हा ग्लुकोज वाढलं की पेशी एचएक्सटी७ पटलावरून काढून मोडून टाकते! यातल्या बहुतेक प्रथिनांचा ओढा ग्लुकोजकडेच, म्हणून वॉश, म्हणजे टाकीतलं आंबणारं द्रावण, संपत आल्यावर उरलेल्या साखरेत फ्रुक्टोज जास्त सापडतं.

आता मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. सुक्रोज न फोडता आत न्यायची वाटही यीस्टकडे आहे, एजीटी१ या प्रथिनाची. पण सुक्रोजसोबत एक प्रोटॉन (धन विद्युतभाराचा कण) आत येतो आणि तो परत बाहेर काढायला एक एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, जातो. ऑक्सिजनशिवाय एका सुक्रोजमागे मिळणार चारच एटीपी, त्यातला एक इथंच संपला. मग यीस्टची वाढ कमी होते आणि तेवढी जास्त साखर अल्कोहोलकडे वळते. ब्राझील आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०११ मध्ये हेच साधलं. इन्व्हर्टेज पेशीच्या आत ठेवून आणि ते यीस्ट पुढे बऱ्याच पिढ्या वाढवून त्यांनी अल्कोहोलचा उतारा ११ टक्क्यांनी वाढवला. प्रयोग शुद्ध सुक्रोजवर, मोजून साखर देत केलेला होता. आमच्या मळीत क्षार असतात आणि जिवाणूही.

तरीही त्याचं महत्त्व मला कमी वाटत नाही. बाहेर फुटलेली साखर जिवाणूंनाही आयती मिळते, अखंड आत नेलेली मिळत नाही. यीस्ट विकणारे उष्णता आणि अल्कोहोल किती सोसतं एवढंच सांगतात. यंदाच्या हंगामाआधी मी त्यांना इन्व्हर्टेजबद्दलही विचारणार आहे.