बिलाची बेरीज दर वेळी वेगळी का यायची? माझा अनुभव

बिलात चाळीस वस्तू होत्या आणि स्क्रीनवर एकूण रक्कम दिसत होती शून्य. कोड मीच लिहिला होता. फॉरईच, म्हणजे यादीतल्या प्रत्येक वस्तूवर तेच काम चालवणारी सोय, त्याच्या आत असिंक फंक्शन, म्हणजे ज्यात उत्तराची वाट बघता येते असं, त्यात प्रत्येक वस्तूची किंमत सर्व्हरकडून मागवायची आणि बेरजेत मिळवायची. अवेट, म्हणजे 'उत्तर येईपर्यंत थांब', असं लिहिलं की जावास्क्रिप्ट थांबतं, एवढीच माझी समजूत होती. नोकरीला लागून तेव्हा चार महिने झाले होते.

फॉरईच थांबत नाही हे लवकर कळलं. असिंक फंक्शन प्रॉमिस, म्हणजे 'उत्तर नंतर देतो' असा वायदा, परत देतं, पण फॉरईच त्याच्याकडे बघतही नाही, पुढच्या वस्तूकडे जातं. मग मी प्रत्येक वस्तूचं प्रॉमिस गोळा करून देणारा मॅप वापरला, ती सगळी पूर्ण होईपर्यंत वाट बघणाऱ्या प्रॉमिस.ऑलमध्ये घातली आणि त्यावर अवेट लावलं. शून्य गेलं, पण आता जे दिसायला लागलं त्यानं माझी झोप उडाली. कधी 85, कधी 240. पान रिफ्रेश केलं की नवा आकडा. खरी बेरीज चार हजारांच्या वर होती.

दोन दिवस मी सर्व्हरचेच लॉग तपासत बसले. शेवटी टीममधल्या एका सीनियर सरांना कोड दाखवला. त्यांनी एकाच ओळीवर बोट ठेवलं : एकूण, अधिक-बरोबर (म्हणजे आधीच्या रकमेत मिळव), अवेट, किंमत. "ही ओळ तुला एक दिसतेय, पण ती दोन तुकड्यांत चालते. कागद घे, कुठला तुकडा कधी चालतो ते लिही. रन नंतर कर."

कागदावर लिहिल्यावर सगळं उघडं पडलं. या ओळीत डाव्या बाजूचं 'एकूण' आधी वाचलं जातं, मग अवेट येतं आणि फंक्शन तिथंच बाजूला ठेवलं जातं. चाळीसही फंक्शननी पहिल्याच फेरीत 'एकूण' वाचलं, तेव्हा ते शून्य होतं. पुढे ज्याची किंमत आली त्यानं आपल्याजवळच्या शून्यात ती मिळवली आणि आधीच्याचा आकडा पुसून टाकला. म्हणजे स्क्रीनवर उरायची ती सर्वांत शेवटी पोचलेल्या वस्तूची किंमत. नेटवर्कवर दर वेळी वेगळी वस्तू शेवटी पोचायची, म्हणून आकडा बदलायचा. दुरुस्ती दोन ओळींची होती : आधी प्रॉमिस.ऑलमधून सगळ्या किमती घ्यायच्या, मग साधी बेरीज करायची. किमती कुठल्याही क्रमानं येवोत, प्रॉमिस.ऑल त्या मूळ यादीच्याच क्रमानं देतं.

थ्रेड एकच, म्हणजे एका वेळी एकच काम चालत असताना एकमेकांचे आकडे पुसले जातात, हे मला पचत नव्हतं. मग आमची बार्शीची पिठाची गिरणी आठवली. जातं एकच. चालू डबा पूर्ण दळून झाल्याशिवाय दुसरा पडत नाही. सेटटाइमआउटला, म्हणजे ठरावीक वेळानं काम करायला सांगणाऱ्या टायमरला, शून्य मिलिसेकंद देणं म्हणजे "लगेच हवंय हो" म्हणत ठेवलेला डबा. तरी तो लागतो रांगेतच. आणि प्रॉमिसचं देन (then), म्हणजे उत्तर आल्यावर करायचं पुढचं काम, ही डबा दळून झालेल्या माणसानं पिशवीतून काढलेली किलोभर नाचणी. "एवढी तेवढी द्या ना." बाबा ती पुढच्या डब्याआधी दळून देत. या पिशव्या म्हणजे मायक्रोटास्क. त्या सगळ्या संपेपर्यंत पुढचा टास्क, म्हणजे पुढचा डबा, सुरू होत नाही, आणि ब्राउझर पानही नव्यानं रंगवत नाही. एका पिशवीतून दुसरी निघतच राहिली तर पान गोठून जातं. 2017 मध्ये भाषेत आलेलं अवेट हे आतून 2015 चं प्रॉमिसच आहे, त्यामुळे त्याच्या पुढचा तुकडाही याच पिशव्यांमध्ये येतो.

इतकं बसल्यावर मी रोज एक कोडं कागदावर सोडवायला लागले. एकदा उत्तर माझ्या लॅपटॉपवर बरोबर आलं आणि ऑफिसच्या जुन्या सर्व्हरवर चुकलं. दोन शून्याचे टायमर, प्रत्येकाच्या आत एक प्रॉमिस. लॅपटॉपवर पहिला टायमर, त्याचं प्रॉमिस, दुसरा टायमर, त्याचं प्रॉमिस. सर्व्हरवर आधी दोन्ही टायमर, मग दोन्ही प्रॉमिस. सर्व्हरवर ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची 10 वी आवृत्ती होती. ऑक्टोबर 2018 मध्ये आलेल्या नोड 11 पासून प्रत्येक टायमरनंतर मायक्रोटास्कची रांग रिकामी केली जाते, ब्राउझरसारखी. तोवर नव्या आवृत्तीच्या नोंदी मी कधी उघडल्या नव्हत्या. आता टायमर आणि प्रॉमिसबद्दल एक ओळ जरी असली तरी वाचते, आणि जुनी कोडी दोन्हीकडे चालवून बघते.

गेल्या महिन्यात शोधपट्टीचं काम आलं. 'पु' टाइप केल्यावर गेलेल्या विनंतीचं उत्तर 'पुणे'च्या उत्तरानंतर येत होतं आणि बरोबर यादीवर चुकीची यादी बसत होती. या वेळी लॉग उघडायच्या आधी कागद घेतला. अवेटच्या वर वाचलेला शब्द अवेटच्या खाली शिळा झालेला असू शकतो, हे दहा मिनिटांत दिसलं. नवं अक्षर आलं की आधीची विनंती अबॉर्टकंट्रोलर या विनंती थांबवायच्या सोयीनं रद्द केली, आणि उत्तर आल्यावर पट्टीत अजून तोच शब्द आहे का हेही तपासलं. कोड सरांकडे गेला तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "कागद कुठंय?" मी तो त्यांच्यासमोर ठेवला.