वही मिटून बसण्याचे महिने

पीएचडीसाठी मी एका मोठ्या कार्यालयाच्या इमारतीत रात्रपाळीला सफाई करणाऱ्या बायकांबरोबर अकरा महिने काढले. विषय होता कामाची वाटणी: कुठला मजला कुणाकडे जातो आणि ते कोण ठरवतं. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी मिळायला चार महिने लागले. अर्ज, दुरुस्त्या, पुन्हा अर्ज.

मोठी चूक मी त्यापुढच्या पायरीवर केली. आत जायला कंत्राटदाराची परवानगी लागत होती, ती घेतली. पहिल्या रात्री मुकादमानेच माझी ओळख करून दिली, "या मॅडम तुमचं काम बघणार आहेत." पुढचे तीन आठवडे मी जवळ गेले की बोलणं थांबायचं. संमतीपत्रांवर मात्र सगळ्यांनी निमूट सह्या केल्या. मला ते यश वाटलं. मुकादम समोर उभा असताना त्यांना नाही म्हणता आलं असतं का, हा प्रश्न बऱ्याच उशिरा सुचला आणि त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

ते सगळे कागद मी बाद केले. मार्गदर्शकांना सांगितलं, समितीला कळवलं. मग मुकादम नसताना एकेकीशी वेगळं बोलले. सहीऐवजी तोंडी संमती समितीने मान्य केली होती. दोघींनी स्पष्ट नकार दिला. मला हायसं वाटलं, कारण आता बाकीच्यांच्या होकारावर विश्वास ठेवता येत होता.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रिअँड बेटांवर गावातच तंबू ठोकून राहिले, हा दाखला आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मला त्याचा अर्थ बादली उचलल्यावर कळला. मुलाखतीत सगळ्या म्हणायच्या, वाटणी सारखीच आहे. मुकादमाच्या तक्त्यातही प्रत्येकीला तितक्याच खोल्या होत्या. पण काही मजल्यांवर नळच नव्हता. भरलेली बादली घेऊन जिना चढल्यावर दोन सारख्या मजल्यांतला फरक माझ्या खांद्याला समजला. मुलाखतीत हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच.

टिपणांची शिस्त मात्र मी सुरुवातीपासून पाळली. पाळीत फक्त सुटे शब्द खरडायचे आणि झोपण्याआधी सगळं सविस्तर लिहायचं. एक दिवस गेला की त्यांचं बोलणं माझ्या भाषेत उतरायला लागतं. टोपणनावं आणि खरी नावं यांची यादी वेगळ्या कुलपात. प्रतीही वेगवेगळ्या ठिकाणी, कारण समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची गोष्ट डोक्यात पक्की बसली होती. कर्नाटकातल्या रामपुरा गावातल्या १९४८ च्या क्षेत्रकार्यावरून तयार केलेल्या त्यांच्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० साली स्टॅनफर्डच्या आगीत जळाल्या.

सहाव्या महिन्यात एका मावशींनी आपसातली एक गोष्ट सांगितली आणि लगेच म्हणाल्या, "हे लिहू नकोस हं." माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्या गोष्टीवर उभं राहिलं असतं. तरी ती प्रबंधात नाही, इथेही नाही. नोकरी त्यांची जाणार होती, माझी नाही.

मसुदा झाल्यावर त्यांना वाचून दाखवला. त्याच मावशींनी एका वाक्यावर थांबवलं, "मी रडत नव्हते, चिडले होते." माझ्या वहीत 'डोळ्यांत पाणी' एवढेच शब्द होते, दुःख मी मागाहून घातलं होतं. ते पान मी पुन्हा लिहिलं.

शेवटच्या रात्री, नकार दिलेल्यांपैकी एक जण लिफ्टपाशी आली. "माझं काहीच नाही ना त्यात?"

"नाही."

ती जरा थांबली. "माझ्या मजल्यावरही नळ नाही. तेवढं लिही."

मी बादली खाली ठेवली आणि कशासाठी लिहितेय, कोण वाचणार, नंतर नाही म्हणता येईल, हे सगळं तिला पहिल्यापासून सांगायला लागले.