कॅलिफोर्नियात अकरावी-बारावीतच कॉलेजचे क्रेडिट घेताना

डुअल एनरोलमेंटमध्ये हायस्कूलची मुलं कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचा) खराखुरा वर्ग घेतात. एपीमध्ये (हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज-पातळीच्या विषयांत) क्रेडिटची सगळी भिस्त मे महिन्यातल्या एका परीक्षेवर असते. डुअल एनरोलमेंटमध्ये मात्र सत्रभराच्या कामावर ग्रेड मिळते. ती ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, कायमची राहते, आणि पालकांकडून नेमकं हेच दुर्लक्षित होतं.

आधी सीसीसीअप्लाय या कम्युनिटी कॉलेजांच्या ऑनलाइन अर्जाच्या साइटवर अर्ज करून कॉलेजचा विद्यार्थी क्रमांक मिळवायचा. मग पालक आणि शाळेचे समुपदेशक यांच्या सह्यांचा परवानगी अर्ज. सह्यांना वेळ लागतो आणि तोवर वर्ग भरून जातात, म्हणून नोंदणी उघडण्याआधीच समुपदेशकांना गाठा.

तीन युनिटचा (युनिट म्हणजे क्रेडिट मोजायचं एकक) विषय म्हणजे सत्रात साधारण 144 तासांचं काम. सोळा आठवड्यांत आठवड्याला नऊ तास. तोच विषय उन्हाळ्यात सहा आठवड्यांत घेतला तर चोवीस! पहिल्याच वेळी उन्हाळ्यात गणित घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

झेपत नसेल तर ड्रॉपची, म्हणजे नोंद न राहता विषय सोडण्याची, तारीख पाळा. ती उलटल्यावर विषय सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर 'डब्ल्यू' (विथड्रॉअल, विषय सोडल्याची खूण) उमटतो.

क्रेडिट यूसी किंवा सीएसयू या कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांमध्ये कशासाठी धरलं जाईल, ते असिस्ट डॉट ऑर्गवर पाहता येतं. खासगी विद्यापीठांचे नियम वेगळे. हायस्कूल पूर्ण करण्यासाठी वापरलेला विषय काही ठिकाणी पुन्हा मोजत नाहीत.

आणखी एक: मूल सतरा वर्षांचं असलं तरी कॉलेजच्या नोंदींवरचा हक्क फेर्पा या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार त्याचाच. प्राध्यापकांना ईमेल त्यालाच लिहू द्या.