कल्पिटियाचा वारा: तिकीट काढण्याआधी काय बघावं, पोचल्यावर काय बघावं

श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कल्पिटियाला काईटसर्फिंगचे (मोठ्या पतंगाच्या म्हणजे काईटच्या ओढीने फळीवरून पाण्यावर सरकण्याच्या खेळाचे) दोन हंगाम आहेत. मे ते ऑक्टोबर नैऋत्येचा मोसमी वारा आणि डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत ईशान्येचा. पहिला जोरकस, दुसरा त्या मानाने मवाळ. एप्रिल आणि नोव्हेंबर हे वारा फिरण्याचे महिने, त्यांच्या वाटेला जाऊ नये. पावसाळी वाऱ्यात पाऊस नाही का लागत, असं बरेच जण विचारतात. नैऋत्य मोसमी पाऊस मुख्यतः बेटाच्या नैऋत्य भागात आणि मधल्या डोंगरांवर पडतो. कल्पिटिया ज्यात येतं तो पुत्तलमचा पट्टा त्या मानाने कोरडा राहतो, त्यामुळे वारा मिळतो आणि ऊनही मिळतं.

आम्ही ऑगस्टमध्ये आठवडाभर गेलो होतो. ऑगस्ट ठरवला तो जुन्या नोंदी चाळून, आणि माझ्या मते तिकिटाच्या किमतीपेक्षा जास्त वेळ याच कामाला द्यावा.

बहुतेक जण एखाद्या साइटवर महिन्याची सरासरी बघतात आणि तिथेच थांबतात. समजा, दोन किनाऱ्यांची सरासरी १२ नॉटच आहे (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). एकावर रात्रंदिवस १२ वाहतो, म्हणजे मोठं काईट घेऊनही जेमतेम तरंगाल. दुसऱ्यावर रात्री वारा मंदावतो आणि दुपारी १८ ते २० सुटतो, तिथे रोज खेळ होतो. त्यातून काईटची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५ वरून २० नॉटवर गेलात की वेग एक तृतीयांशानेच वाढतो, ओढ मात्र पावणेदोन पटीहून जास्त. सरासरीत हे सगळं गडप होतं.

म्हणून नोंदी तासागणिक बघायच्या. ईआरए५ हा युरोपचा हवामान-संच १९४० पासूनचा ताशी वारा फुकट देतो. त्यातली अलीकडची दहा वर्षं घ्या, फक्त सकाळी ११ ते संध्याकाळी ५ एवढेच तास ठेवा, आणि १५ नॉटच्या वर गेलेले दिवस दरवर्षी वेगळे मोजा. दहा वर्षांची एकत्र टक्केवारी फसवी असते, कारण एक उत्तम वर्ष दोन भिकार वर्षांवर पांघरूण घालतं. मी आणखी एक आकडा काढतो: लागोपाठ वारा पडलेल्या दिवसांची सर्वात लांब रांग. आठवड्याच्या सुट्टीत तीच जिवावर येते. शेवटी दिशा बघा. वेग झकास आणि वारा जमिनीकडून समुद्रात जाणारा असेल, तर तो दिवस हिशेबात धरू नका.

या संचाची मर्यादाही ओळखून असावं. तो पृथ्वीचे चौकोन पाडून प्रत्येकाला एकच आकडा देतो, आणि त्याचा एक चौकोन साधारण ३१ किलोमीटरचा. कल्पिटियाचा भूभाग म्हणजे समुद्र आणि पुत्तलमच्या खाजणामधली चिंचोळी पट्टी, ती अशा चौकोनात विरघळून जाते. त्यामुळे हे आकडे महिन्यांची आपसात तुलना करायला वापरावेत, प्रत्यक्ष वेग सांगायला नव्हे. विमानतळाच्या नोंदी खऱ्या यंत्राच्या असतात, पण कटुनायकेचा (म्हणजे कोलंबोचा) विमानतळ बराच दक्षिणेला आहे. कल तेवढा घ्यावा.

तिथून गाडीने वर जाताना मांपुरीच्या बाजूला पवनचक्क्यांची रांग लागते. सगळ्या एकाच दिशेला तोंड करून फिरत होत्या, नैऋत्येला. आमच्यातल्या एकाने तेवढ्यावरच ९ मीटरचं (म्हणजे ९ चौरस मीटरचं) काईट बाहेर काढायची घोषणा केली!

तिथे पोचल्यावर इतिहास बाजूला ठेवायचा आणि अंदाज हातात घ्यायचा. जीएफएस हे अमेरिकेचं हवामान-अंदाजाचं मॉडेल दिवसातून चार वेळा नव्याने चालतं. आपल्या घड्याळाने पहाटे साडेपाचचं गणित सकाळी दहाच्या आसपास हाती येतं, दुपारचा बेत ठरवायला ते पुरेसं. (श्रीलंकेचं घड्याळ आपलंच आहे, पण ॲपवरची वेळ स्थानिक आहे की ग्रीनिचची, ते एकदा तपासाच.) शेजारी युरोपियन मॉडेल उघडा. दोघांचं जमलं तर निश्चिंत, फाटलं तर दोन काईट सोबत ठेवा. तीन दिवसांपलीकडचे आकडे कल म्हणून वाचावेत. दहाव्या दिवसाच्या १९ नॉटवर कुणी हॉटेल वाढवू नये.

खरा उपयोग झाला तो साध्या वहीचा. सकाळचा अंदाज एका रकान्यात, दुपारी किनाऱ्यावर हातातल्या वातमापकाने घेतलेला वेग शेजारी. उन्हाच्या दिवशी प्रत्यक्ष वारा अंदाजापेक्षा तीन-चार नॉट चढा निघायचा. जमीन तापली की खारे वारे मोसमी वाऱ्याला जोर देतात आणि जाड चौकोनांच्या मॉडेलला ते पुरतं पकडता येत नाही. सकाळपासून ढग धरलेले असले की ही वरकमाई गायब, कधी अंदाजाहूनही खाली. दोन-तीन दिवसांत हा फरक अंगवळणी पडतो. त्यानंतर ॲपवर १७ दिसलं की आकाशाकडे बघून ठरवायचं, ९ की १२.

काईटच्या मापासाठी ढोबळ सूत्र: किलोतलं वजन भागिले नॉट, गुणिले २.२. ७५ किलोच्या माणसाला १८ नॉटमध्ये ९ मीटर. मात्र सरासरी आणि झोत यांत सात-आठ नॉटचं अंतर दिसलं तर माप झोतावरून ठरवा. खाजणात पाणी सपाट असतं, पण वारा वाळूची पट्टी ओलांडून येतो. झाडं किंवा बांधकाम यांच्या आडोशाला तो तुटक मिळतो, तेव्हा लाँच मोकळ्या जागेवरूनच करा.

७० किलोच्या आसपास वजन असेल तर ऑगस्टला ९ आणि ७ न्या, १२ घरी ठेवली तरी चालेल. जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल तर १२ आधी भरा, आणि मुक्कामात दोन-तीन दिवस जास्तीचे धरा.